मागचे दिवे

क्लच आहे, पण त्याला पेडल नाही.
आत कुठेतरी एक पंप माझ्या वतीने तो दाबतो,
आणि एरवी मी विचारतही नाही
कसा, किती वेळा, कंटाळतो का.

मंगळवारी पहाटे सव्वासहाला, हॅलिफॅक्सच्या क्लॉफ लेनवर
(हा रस्ता नव्हे, जिनाच; वर डांबर ओतलंय इतकंच)
गाडी तळ्यात-मळ्यात खेळायला लागली.
दांडा ‘ए’कडे ढकलला, पडद्यावर ‘एन’ लुकलुकला.
पुन्हा ढकलला. एन.
पार्किंग ब्रेकचं बटण दाबलं,
तर नुसती एक टिंग,
आणि लाल दिवा ठाण मांडून तसाच.

गॅरेजच्या डॅरनने फोनवरच निकाल लावला.
गिअरबॉक्सचा अ‍ॅक्च्युएटर गेला, बाराशे पौंड.
ब्रेकची मोटर वेगळी.
मी इस्पितळात रक्त तपासते, डॅरन.
एका माणसाला एकाच सकाळी दोन आजार
होत नाहीत असं नाही,
पण आधी एकच शोधतात.

पाळी बदलून घेतली. कोटावर कोट.
बॅटरी बारा पूर्णांक सहा. ठीक.
खाली अर्थिंगची वेणी, रस्त्यावरच्या मिठाने हिरवी पडलेली;
पॉलिश पेपरने घासून लख्ख केली, बोटांची सालं गेली,
आणि एन.
तेल खुणेला टेकलेलं.
दार उघडलं की पंप गुणगुणतो, म्हणजे धुगधुगी आहे.

वडील इचलकरंजीत जॉबर होते.
चोवीस माग एकदम खडखडत असताना
विडी विझवून सांगायचे, सतरा नंबरचा कुरकुरतोय.
दहात तीनदा चुकायचे.
त्या तीनांबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नसे.

मी बसून राहिले. काचेवर माझीच वाफ.
गिअर पडायला ब्रेकवर पाय लागतो.
पार्किंग ब्रेक सुटायलाही ब्रेकवर पाय.
पाय तर मी देतेय, गुडघा दुखेपर्यंत देतेय,
पण गाडीला तो पोचतोय का?
ते मागचे दिवे सांगतील,
आणि मी पुढे बसलेली.

अकरा वर्षं या गल्लीत.
कुणाच्या दारी वाटीभर साखर मागितली नाही.

एनिड सटक्लिफ कचऱ्याचा डबा ओढत आली,
वय ब्याऐंशी, सपाता, अंगावर नवऱ्याचा जुना रेनकोट.
म्हटलं, जरा मागे उभ्या राहाल?
मागे नको, बाजूला; चाकाला वीट लावलीय, तरी.
दाबला. “काही दिसतंय?”
“नाही गं.”
“आता?”
“नाही.”
“आता?”
“लागला! डावा... अं, नाही. ऊन पडलं त्याच्यावर.”

मग डॅशबोर्डखाली उताणी,
पाय दाराबाहेर, टॉर्च दातांत.
पेडलच्या मानेशी अंगठ्याएवढा स्विच,
त्याचा दट्ट्या आत रुतलेला,
तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा.
पाव फिरकी उलटी दिली, हातात आला.
काखेत कळसा म्हणतात, हा तर पायाशी होता.
नवा अकरा पौंडांना, कोपऱ्यावरच्या स्पेअर पार्टवाल्याकडे.
एनिड तोवर घरी गेली नव्हती.

नवा बसवला. पाय ठेवला.
‘ए’ आला आणि थांबला.
मागे मोटर घुरघुरली, ब्रेकने पकड सोडली,
गाडी विटेवर बोटभर रेलली.
“तिन्ही!” एनिड ओरडली,
समोरच्या घरातला पडदा हलला,
“तिन्ही लागले!”

तेव्हा पोटात गोळा आला.
किती दिवस मी सिग्नलला, शाळेपुढे,
उतारावर धुक्यात थांबत होते,
आणि मी थांबतेय
हे मागच्या कुणालाच कळत नव्हतं.

“पुन्हा दाब,” एनिड म्हणाली.
दाबला.
“पुन्हा.”